घराच्या रचनेचा मनावर खरंच एवढा परिणाम होतो का? (सांगलीत नवीन घर बांधतोय, मत हवंय)

गावभागातली
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणार आहे, पण वाचा आणि मोकळेपणानं सांगा.

आमचं सांगलीच्या गावभागात जुनं घर. पुढे ओटा, मग सोपा, माजघर, मागे परडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा सोप्यात छातीएवढं पाणी होतं. २०२१ ला पुन्हा आलं. मातीच्या भिंती फुगल्या, तुळयांनी धीर सोडला. इंजिनिअरनी राहू नका म्हणून सांगितलं आणि आम्ही विश्रामबागेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तिसरा मजला, लिफ्ट आहे, पाण्याची ददात नाही.

पण इथे आल्यापासून आमच्या आई (सासूबाई) पार बदलल्यात. जेवण कमी, बोलणं कमी. तपासण्या झाल्या, थायरॉईड, बी-१२, शुगर, सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. दुपारी त्या लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. मांडीवर मेथीची जुडी असते. लिफ्टचं दार उघडलं की मान वर होते, कोण आलं बघतात. येणारा मोबाइलमध्ये बघत आपल्या दाराकडे जातो. परवा सोसायटीनं खुर्ची काढायला सांगितली, वाटेत येते म्हणून.

आता कुपवाडच्या बाजूला आमचा दीड गुंठ्याचा प्लॉट आहे, तिथे बांधायचं ठरलंय. घरातल्यांचं म्हणणं, रंग, लायटिंग, फर्निचर चांगलं केलं की घर आपोआप प्रसन्न होतं. इंटिरिअरवाल्यानं हॉलचं थ्रीडी चित्रही दाखवलंय. मला वाटतं दुखणं रंगाचं नाही, आराखड्याचं आहे. पण मला ते नेमकं मांडता येत नाहीये. नक्की कशामुळे घरात माणसाला बरं वाटतं? बजेट बेताचं आहे.

जिज्ञासू
चांगला धागा. वाचतोय.

माणदेशी
ताई, आमच्या आटपाडीकडच्या माळवदाच्या घरात मे महिन्यात दुपारी पाठ टेकली की झोप लागायची. दोन-अडीच फुटाच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं. बाहेर फुफाटा, आत गारवा. आता त्याच जागेवर स्लॅबचं घर आहे. रात्री अकरा वाजले तरी छताची धग खाली येते आणि घरात सगळे एकमेकांवर खेकसतात. आमच्या घरातली निम्मी भांडणं उन्हाळ्यात होतात आणि ती स्लॅबनं लावलेली असतात, असं मी आता ठाम म्हणतो.

हळदगल्ली
>>ती स्लॅबनं लावलेली असतात
माणदेशी, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हिवाळ्यातल्या भांडणांचं काय ते पण विचारा.

साधासरळ
माझं मत वेगळं आहे. माधवनगरला दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं वाढलो. खिडकी एक, तीही बोळात उघडणारी. कधी उदास वाटलं नाही, कारण घरात माणसं होती, दारात माणसं होती. आज माझ्या मित्राचा मोठा बंगला आहे, नवरा-बायको दोघंच, दोन खोल्यांत दोन टीव्ही. घर माणसांनी होतं, विटांनी नाही. ताई, सासूबाईंना प्रसन्न आराखडा नकोय, सोबत हवीय. त्यांच्याजवळ बसा.

गावभागातली
साधासरळ, बसते हो. आम्ही सगळेच बसतो. पण आम्ही नोकरीला गेल्यावर दहा ते सहा त्या घरात एकट्या असतात. आधीही आम्ही नोकरीलाच जात होतो आणि तेव्हा त्या एकट्या नसायच्या. तेच तर मला समजून घ्यायचंय.

चौकट
मी साताऱ्यात आर्किटेक्ट आहे. साधासरळ यांच्याशी अर्धा सहमत. त्यांच्याच प्रतिसादात 'दारात माणसं होती' असं वाक्य आहे. ती दारात येऊन थांबू शकत होती, कारण दार रस्त्याला लागून होतं. सोबत हवी हे खरं, पण सोबत घडायला जागा लागते.

आधी ज्या गोष्टींना अभ्यासाचा आधार आहे त्या सांगतो. रॉजर उलरिक या संशोधकानं १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यानं तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. वॉर्ड त्याच रुग्णालयातले, फरक समोर काय दिसतं याचा.

त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, फिनलंडमध्ये पाइमिओ इथे आल्वार आल्टो यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधलं. रोगी दिवसभर उताणा पडून असणार, म्हणजे त्याची खरी भिंत छत आहे, हे त्यांनी ओळखलं. छताला डोळ्यांना शांत वाटणारा हिरवट रंग दिला, दिवा रोग्याच्या डोळ्यांवर येणार नाही असा बसवला आणि पाणी पडताना आवाज होऊ नये अशा उताराची वॉशबेसिन करून घेतली, कारण शेजारच्या खाटेवरचा झोपलेला असतो. मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि तेव्हापासून आराखडा काढताना एकच गोष्ट आधी विचारतो: या घरात सर्वांत जास्त तास कोण असतं, आणि ते कुठे बघत असतं?

तुमच्या घरी ते उत्तर स्पष्ट आहे. थ्रीडी चित्र हॉलचं आहे, म्हणजे पाहुण्याच्या नजरेनं काढलेलं. सासूबाई दिवसभर जिथे बसणार तिथून काढलेलं चित्र मागा.

रात्रपाळी
चौकट दादांना +१. मी मिरजेला नर्स आहे. खिडकीजवळच्या खाटेसाठी नातेवाईक आमच्या विनवण्या करतात. अतिदक्षता विभागात, जिथे खिडकीच नाही तिथे, म्हाताऱ्या पेशंटना दोन दिवसांत दिवस-रात्र कळेनासे होतात. पहाटे तीनला उठून म्हणतात, चहा ठेव, गिऱ्हाईक येईल. आम्ही मोठं घड्याळ लावतो, तारीख सांगतो, दिवसा दिवे आणि रात्री अंधार ठेवतो, त्यानं फरक पडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की रुग्णाला ताज्या हवेखालोखाल उजेडाची गरज असते. घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं काय लागणार?

गावभागातली ताई, एक विचारू का? फ्लॅटचं स्वयंपाकघर कुठे उघडतं?

गावभागातली
डक्टमध्ये. खिडकी उघडली की समोर पाइप आणि कबुतरं. दिवसा दिवा लावावा लागतो.

दक्षिणमुखी
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. प्लॉटची दिशा काय? ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला कर्त्याची खोली. एवढं पाळलं की बाकी आपोआप जमतं.

चौकट
दक्षिणमुखी, देवघर कुठे ही ज्याच्या त्याच्या श्रद्धेची बाब, त्यात मी पडत नाही. पण साताऱ्यात एका घरी आग्नेयेचा कोपरा साधावा म्हणून स्वयंपाकघर अशा जागी नेलं की त्याला बाहेरची भिंतच उरली नाही. घरातली बाई दिवसाचे पाच तास ट्यूबलाइटखाली उभी. दिशा सांभाळा, पण खिडकी घालवून नको. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खरा त्रास पश्चिमेच्या उन्हाचा आहे, तो कुठल्याही श्रद्धेच्या माणसाला सारखाच लागतो.

शाहूपुरीकर
आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसायचा. सकाळचा चहा घेऊन वडील तिथे उभे राहायचे, पावसाळ्यात किल्ला ढगात गेला की आत येऊन सांगायचे. समोर इमारत झाली. कुणाची चूक नाही, त्यांची जागा, त्यांनी बांधलं. पण वडील गच्चीवर जायचेच बंद झाले. त्यांच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार?

वाईची_लेक
जुन्या घरांचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहिते. माझं माहेर वाईतला वाडा. चौक सुंदर, लाकडी खांब सुंदर, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा बघायला लोक येतात तेव्हा आमच्याही दारात थांबून फोटो काढतात. पण माझ्या आजीनं आयुष्य काढलं ते माजघरात आणि त्यामागच्या काळ्या स्वयंपाकघरात. एक झरोका, चुलीचा धूर, वाकून जायचं दार. पुढचा सोपा पुरुषांचा. ओट्यावर बाईनं बसायचं नाही. तिला तो चौकातला उजेड मिळायचा तो धुणं वाळत घालताना. सारवण, चुना, दर पावसाळ्याआधी कौलं चाळून घेणं, यातलं बायकांच्या वाट्याला किती यायचं तेही माणदेशी यांनी आठवावं.

तेव्हा 'जुनं ते चांगलं' असं कृपा करून म्हणू नका. घर कुणासाठी चांगलं, हे विचारा. गावभागातली, तुमच्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून ओट्यावर बसायच्या का?

गावभागातली
नाही. सासरे गेल्यावर बसायला लागल्या. आधी परड्यात, विहिरीपाशी. तुम्ही विचारलं म्हणून हे लक्षात आलं. त्या ओट्यावर त्यांनी बऱ्याच उशिरा जागा मिळवली होती.

वाईची_लेक
मग ती जागा गेल्याचं दुःख किती असेल बघा.

माणदेशी
वाईची_लेक ताई, मान्य. माळवदाला दरवर्षी माती टाकायला आई आणि काकू घमेली घेऊन शिडी चढायच्या, मी खालून बघायचो. गारव्याची किंमत त्या मोजत होत्या.

जरा अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये सुरू केलेलं खुलं कारागृह. जन्मठेपेचे कैदी तिथे शेती करतात, कुटुंबासह राहतात. उंच तट नाही, गज नाहीत. लहानपणी एसटीतून जाताना मला ते गावच वाटायचं. ज्यांनी ते काढलं त्यांनी ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं होतं की भिंत माणसाला काय करते, आणि ती काढून घेतली तर काय होतं.

हळदगल्ली
अवांतर अजिबात नाही. मीही एक भर घालतो. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे ना, अठराव्या शतकातली, ११० फूट खोल. पायऱ्या उतरून आत गेलं की मधोमध दगडी महाल आहे, वरून मोटा चालायच्या. मुलांना घेऊन गेलो होतो, मे महिना. वर गाडीतून उतरल्यापासून दोघं कुरकुरत होती. त्या महालात बसल्यावर दोघंही गप्प झाली आणि मग हळू आवाजात बोलायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. गारवा, वरून येणारा उजेड आणि पाणी, एवढंच तिथे आहे.

भाडेकरू
हे सगळं स्वतःच्या प्लॉटवाल्यांसाठी झालं. माझ्यासारख्यांनी काय करायचं? साताऱ्यात एमआयडीसीजवळ वन आरके, घरमालक खिळासुद्धा मारू देत नाही.

चौकट
भाडेकरू, पलंग हलवा. जागं झाल्यावर तोंड खिडकीकडे हवं. सकाळचं ऊन डोळ्यांना मिळालं की शरीराचं घड्याळ लागतं, रात्री झोप वेळेवर येते, आणि झोप लागली की निम्मं मन ताळ्यावर असतं. संध्याकाळी छताची पांढरी ट्यूब बंद करून कोपऱ्यात पिवळसर प्रकाशाचा खाली ठेवलेला दिवा लावा. खिडकीवर कपड्यांचा ढीग असेल तर तो काढा. यातल्या कशालाही खिळा लागत नाही.

रात्रपाळी
आणि पसारा! लॉस एंजेलिसमधल्या नोकरी करणाऱ्या जोडप्यांवर २०१० साली एक अभ्यास छापून आला होता. ज्या बायका आपल्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट राहिलेली कामं अशा शब्दांत करत होत्या, त्यांच्यात दिवसभरात जसं उतरायला हवं तसं ताणाचं संप्रेरक उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तेवढा दिसला नाही. का ते इथल्या ताई सांगतीलच.

वाईची_लेक
पसारा दिसतो एकीला आणि त्यावरून चालत जातात बाकीचे. म्हणून.

साधासरळ
वाचतोय सगळं. चौकट यांचा 'सोबत घडायला जागा लागते' हा मुद्दा पटला, पण माझी शंका कायम आहे. कुपवाडकडच्या नव्या वसाहतींत मी रोज जातो. प्रत्येक घराला सहा फुटी कंपाउंड, वर काचा, लोखंडी गेट, आत गाडी. तुम्ही कितीही सुंदर ओटा बांधा, समोरून जाणार कोण? गावभागातली ताईंच्या सासूबाईंचं घर हरवलेलं नाही, गल्ली हरवलीय. ती कुठला आर्किटेक्ट काढून देणार?

चौकट
याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. गल्ली एका घरानं होत नाही. पण एका घरानं सुरुवात होते, हे मी पाहिलंय. आमच्या एका कामात मालकिणीनं कंपाउंड कंबरेइतकं ठेवलं आणि गेटाबाहेर बसायला दगडी कट्टा केला. सुरुवातीला फक्त भाजीवाली टेकायची. मग शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या आया. आता शेजारच्यांनीही त्यांच्या भिंतीला कट्टा केलाय. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींना २०१८ मध्ये प्रित्झ्कर हा वास्तुरचनेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांच्या छोट्या घरांनाही रस्त्याकडे ओटे आणि पायऱ्या आहेत. चार पायऱ्या दिल्या तर त्यावर कुणीतरी बसतंच.

पुरातला
मी पण गावभागातलाच. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुलै लागला की अजूनही मी रात्री उठून कोयनेचा विसर्ग बघतो. पाणी पायरीला लागलंय असं वाटतं. ज्या घरात भीती वाटते तिथे चौक, ओटा, काहीही असो, मन शांत होत नाही. ताई, तुमचं जुनं घर पूररेषेत येत असेल तर तिकडे न बांधण्याचा निर्णय योग्य आहे. निळ्या रेषेच्या (नदीजवळच्या पूररेषेच्या) आत परवानगीचे नियम कडक आहेत, आणि परवानगी मिळाली तरी झोप मिळत नाही.

आणि वास. पूर ओसरल्यावर आम्ही घाईनं भिंती प्लॅस्टिक पेंटनं रंगवल्या. आतली ओल बाहेर पडायला जागाच नाही. महिन्याभरात पोपडे, काळी बुरशी आणि तो गाळाचा वास. वास आला की सगळं पुन्हा आठवायचं. शेवटी एका जुन्या गवंड्यानं सगळं खरवडून एक उन्हाळाभर भिंती वाळू दिल्या आणि चुना मारला. पहिल्यांदा घरात आल्यासारखं वाटलं. नवीन घरात निदान आईंच्या खोलीला आतून चुन्याचा रंग द्या, आणि कागदपत्रं, फोटो ठेवायला उंचावर एक पक्का माळा करा. कुपवाडला पूर येणार नाही, पण तो माळा आहे हे माहीत असलं की पुढचा पावसाळा हलका जातो.

गावभागातली
पुरातला दादा, तुमचं वाचून डोळे भरले. आमच्याकडेही कोयनेचा आकडा रोज बघितला जातो, तिसऱ्या मजल्यावर राहूनसुद्धा.

काल हा सगळा धागा मी आईंना वाचून दाखवला. वाईची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग मी कागद पुढे केला आणि म्हटलं, तुम्ही सांगा, घर कसं हवं. आधी म्हणाल्या, तुमचं तुम्ही ठरवा, मी किती दिवसांची. थोड्या वेळानं स्वतःच बोलायला लागल्या. त्यांना मोठी खोली नको आहे. पुढच्या बाजूला खोली हवी, म्हणजे कोण आलं ते कळतं. स्वयंपाकघरातून रस्ता दिसावा. दारात बूट-चपलांचं कपाट नको, त्या जागी टेकायला काहीतरी हवं. आणि मागे एक नळ आणि हातभर मोकळी माती, कढीपत्ता आणि गवती चहापुरती. रंगाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

आत्ताच्या नकाशात पुढे पार्किंग, मग हॉल, आणि त्यांची खोली सगळ्यात मागे आहे, 'त्यांना शांतता मिळावी म्हणून'. तो नकाशा आता बदलणार. यांनाही पटलंय. फॉल्स सीलिंगचे पैसे वाचवून ओटा आणि मागचं परडं करायचं.

एक अडचण आहे. प्लॉटचा रस्ता पश्चिमेला आहे. दुपारी ओट्यावर ऊन येणार, आणि त्यांची बसायची वेळ तीच.

दक्षिणमुखी
पश्चिमेचं दार काही वाईट नसतं, उगाच घाबरू नका. आईंची इच्छा पुढच्या खोलीची असेल तर ती आधी.

चौकट
गावभागातली, आईंनी जे सांगितलं त्यात आराखडा जवळजवळ तयार आहे. पश्चिमेच्या उन्हाचं असं करा. दुपारचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे नुसती वरची पागोळी पुढे काढून भागत नाही, बाजूनं अडवावं लागतं. ओट्याच्या पश्चिम बाजूला विटांची जाळीची भिंत घ्या. वारा येईल, रस्ता दिसेल, ऊन तुटेल. शिवाय फाटकाजवळ कडुनिंब किंवा करंज आत्ताच लावा, बांधकाम संपेपर्यंत तो तग धरेल. बसायची उंची दीड फूट, रुंदी निदान चार फूट, म्हणजे मेथी निवडायला पाय वर घेऊन बसता येतं. पायरीला कठडा नक्की.

आणि आधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. दीड गुंठ्यात पुढचं सामासिक अंतर (हद्दीपासून नियमानं मोकळी ठेवायची जागा) सोडून ओटा कुठे बसतो ते बघावं लागेल. पार्किंग एका बाजूला सरकवलं तर बसेल असं वाटतं. नकाशा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, बघून सांगतो, फी नको.

साधासरळ
कंपाउंड कंबरेइतकंच ठेवा ताई. मी त्याच रस्त्यानं रोज जातो.

भाडेकरू
पलंग हलवला. चौकट दादा, खिडकीतून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसते, चालेल का?

चौकट
टाकीच्या मागे आकाश दिसतं का? मग चालेल. खिडकीत तुळशीची कुंडी ठेवा, टाकी अर्धी झाकली जाईल.

हळदगल्ली
ताई, जुन्या घराच्या तुळया विकणार असाल तर थांबा. सागवान असेल तर पुराच्या पाण्यानंही आतून चांगलं असतं. सुताराकडून तासून बघा, ओट्याचे दोन खांब त्यातूनच निघतील. आमच्या ओळखीचा सुतार कवठेमहांकाळचा आहे, नंबर निरोपात देतो.

गावभागातली
तुळया अजून तिथेच आहेत, विकल्या नाहीत. निरोप पाठवला आहे. सोमवारी सुट्टी काढून नगररचना विभागात जाते, काय म्हणाले ते इथेच लिहीन.